‘अनलिमिटेड’ जेवणाचा हिशेब

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीला परिचारिकेची नोकरी लागली. वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, चार भावंडांच्या गोंगाटात अभ्यास करून तिने ती मिळवली. पहिला पगार हातात आला तेव्हा तिने जाहीर केलं, ‘सगळ्यांना जेवायला नेणार. पोटभर.’ आम्ही अकरा जण गेलो. पुण्याच्या आयटी पट्ट्यातलं एक ‘पॅन एशियन अनलिमिटेड बुफे’. माणशी ७९९ रुपये आणि वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे अकरा जणांचे ९,२२८ रुपये. जेवलो, फोटो काढला, ग्रुपवर टाकला.

अर्ध्या तासात एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा मेसेज आला. ‘बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास केला. आमच्या आयांनी शिळ्या तुकड्यांवर दिवस काढले. आणि चळवळीची पोरं नऊ हजारांचा बुफे हाणतात. यालाच प्रगती म्हणायचं का?’

त्याच फोटोखाली आमच्यातल्याच एका पोराने लिहिलं होतं, ‘इथे जात नाही, फक्त भूक!’ त्याला पन्नासेक निळी हृदयं मिळाली.

आम्हाला दोन्ही म्हणणी पटली नाहीत. काका नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेला माणूस. त्यांना उलट उत्तर द्यायची आमची लायकी नाही, पण मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे गप्प बसणंही बरं नाही. म्हणून हा लेख. काकांनीही वाचावा आणि त्या पोरानेही.

आधी काकांचं. मुलीने बुफेच का निवडला, हे कुणी विचारलं नाही. आम्ही विचारलं. ती म्हणाली, ‘ताई, किंमत आधीच बाहेर लिहिलेली असते. मेन्यूकार्डात नाव वाचता आलं नाही तरी पदार्थ डोळ्यांसमोर दिसतो. वेटरसमोर ततपप होत नाही.’ समाजशास्त्रात एमए करताना आम्ही बोर्द्यू वाचला, सांस्कृतिक भांडवलावर पेपर लिहिला, पण इतक्या साध्या शब्दांत ते आम्हाला कधी मांडता आलं नव्हतं. मेन्यूकार्ड ही परीक्षा असते. कोणता शब्द कसा उच्चारायचा, किती मागवायचं, बिल किती येईल, वेटरला कसं बोलवायचं, हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हॉटेलात जेवून झालंय त्यांना आपोआप येतं. आपल्या पोरांना घाम फुटतो. बुफेत निदान बोट दाखवून जेवता येतं.

तरी घाम फुटलाच. दारात विचारलं, ‘बुकिंग किस नाम से है?’ तिने फक्त पहिलं नाव सांगितलं. आडनाव गिळलं. सरकारी नोकरी लागली, पगार झाला, स्वतःच्या पैशाने जेवायला आली, तरी आडनाव सांगताना जीभ अडखळली. तिला त्याचं भानही नसावं. मग तिच्या धाकट्या भावाने पहिल्याच फेरीत ताटात भाताचा डोंगर केला, तेव्हा वेटर हळूच म्हणाला, ‘सर, पहले स्टार्टर लीजिए, राइस बाद में.’ तो चांगल्या मनाने सांगत होता. बुफेचा धंदाच असा असतो की सूप, तळलेली वडी, भात, नूडल्स अशा स्वस्त आणि पोट भरणाऱ्या गोष्टी सगळ्यात आधी हाताला लागतात, कोळंबी आणि मासे लांबच्या टोकाला असतात, आणि ताटल्या मुद्दाम छोट्या असतात. भावाने भात भरला तर फायदा मालकाचा. पण पोरगा लाजला, आणि पुढच्या दोन फेऱ्या त्याने उठायचं टाळलं. ‘अनलिमिटेड’ जेवणात आपला पोरगा अर्धपोटी बसला होता.

काका, त्याला भूक होती आणि समोर अन्नही होतं, पण आपल्याकडे कुणी बघतंय या भीतीने तो उठेना. ही भीती कुठून आली ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. आमच्या आजीच्या पिढीपर्यंत बलुत्याच्या नावाखाली दारोदार जाऊन भाकरतुकडा मागून आणला जायचा. लग्नाच्या पंगती उठल्यावर पत्रावळीवरचं उष्टं गोळा व्हायचं. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी नुसतं पाणी प्यायला सांगितलं नाही. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टे-शिळे तुकडे मागणं सोडा, हेही तिथेच सांगितलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडलाच ते स्त्रियांशी बोलले ते कपड्यांबद्दल, लुगडं नेसण्याच्या पद्धतीबद्दल, अंगावरून जात ओळखू येईल अशा खुणा टाकून देण्याबद्दल. म्हणजे आपण काय खातो, कसं नेसतो, कसं चालतो, या गोष्टी त्यांना चळवळीबाहेरच्या वाटत नव्हत्या. लंडनमध्ये ते अर्धपोटी राहिले ते पैसे नव्हते म्हणून आणि पुस्तकं घ्यायची होती म्हणून. उपाशी राहणं हा त्यांनी समाजाला दिलेला आदर्श नव्हे. तो आदर्श आपल्याला फार पूर्वीच दुसऱ्यांनी दिला होता.

धम्माच्या अंगानेही बघू, कारण ‘भोजनात मात्रा हवी’ हे काकांनी दुसऱ्या मेसेजमध्ये लिहिलं. बरोबर आहे, पाली साहित्यात भोजनातल्या मात्रेवर भर आहे. संयुक्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट येते. द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तो बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला मोजून जेवण्याचा उपदेश केला. राजाने एका तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला नेमलं, त्याचे दिवसाला शंभर कार्षापण ठरवले. हळूहळू राजाचा आहार कमी झाला, अंग हलकं झालं.

धम्मपदाच्या अट्ठकथेत दुसरी एक गोष्ट आहे, आळवीची. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून, उपाशीपोटी, उशिरा बुद्धांना ऐकायला आला. बुद्धांनी उपदेश थांबवला. आधी याला जेवू घाला म्हणाले. तो जेवला, त्याचा जीव थाऱ्यावर आला, मग बोलले. भिक्खूंना हे खटकलं, तेव्हा भूक हा सगळ्यात मोठा रोग आहे असं त्यांनी समजावलं.

एकच शास्ता. राजाला म्हणाले कमी खा, शेतकऱ्याला म्हणाले आधी जेव. मात्रेचा उपदेश कुणाला करायचा हे पोट बघून ठरतं. आपल्या समाजात पसेनदी झालेले लोक नाहीत असं नाही. लग्नात आठ-आठ लाखांचे मंडप घालणारे, वर्षावासात एक दिवसही विहाराची पायरी न चढणारे साहेब आहेत. काकांनी त्यांच्या ग्रुपवर तो मेसेज टाकावा, आम्ही पहिलं निळं हृदय देऊ. पहिल्या पगाराच्या नर्सला नको.

आता आमच्या पोराकडे वळू. ‘इथे जात नाही, फक्त भूक.’

बाबा रे, एका काउंटरवरून सगळ्यांनी घेऊन खाल्लं म्हणजे जात गेली, हे स्वप्न जुनं आहे. १८९० साली याच पुण्यात पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडचा चहा घेतला म्हणून केवढा गहजब झाला. रानडे, टिळक यांच्यासारखी माणसं त्यात होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपाची ही गत. तिकडे कोल्हापुरात शाहू महाराज गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन मुद्दाम चहा घ्यायचे, आणि सोबतच्या सरदार-सरंजामदारांनाही घ्यायला लावायचे. त्या चहाला अर्थ होता, कारण तो चहा ओतणारा हात आपला होता आणि हॉटेलही आपल्या माणसाचं होतं. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन सांगावं लागलं की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही आत येण्यापासून अडवता येणार नाही. हॉटेलचं दार उघडायला संविधान लागलं. ७९९ रुपयांनी ते उघडलेलं नाही, हे त्या काचेच्या दारातून आत जाताना लक्षात असू द्यावं.

पण दार उघडलं म्हणजे जात संपली का? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या न झालेल्या भाषणात सहभोजनवाल्यांना नेमकं हेच विचारलं होतं. सहभोजनाने जात मरत नाही, एकमेकांत जेवणाऱ्या जातींमध्येही जात जिवंत असते. खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याच्याही मुळाशी जातीला पावित्र्य देणाऱ्या शास्त्रांवरचा विश्वास ढासळवणं. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला हे झेपलं नाही, त्यांनी अधिवेशनच रद्द केलं. सहभोजनापर्यंत सगळेच सुधारक असतात.

शिवाय त्या हॉटेलात जात नव्हती हेही खरं नाही. आमच्या समोरच घडलं.

एका बाजूला हिरव्या कापडाचं शाकाहारी काउंटर, दुसऱ्या बाजूला मांसाहारी. आमच्यातल्या एकाने चिकनच्या ट्रेमधला चिमटा उचलला आणि बोलता बोलता व्हेज नूडल्समध्ये घातला. चूक आमची. जो मांस खात नाही त्याला वेगळा चिमटा मिळालाच पाहिजे, यात आम्हाला काही वाद घालायचा नाही. शेजारच्या टेबलवरच्या बाईंनी तक्रार केली, तिथपर्यंतही ठीक. वेटरने माफी मागितली, अख्खा ट्रे उचलला, नवा आणून ठेवला. पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आमच्या टेबलाकडे, आमच्यातल्या एकाच्या गळ्यातल्या अशोकचक्राच्या लॉकेटकडे बघत नवऱ्याला म्हणाल्या, ‘कुठून कुठून येतात हल्ली.’ ट्रेमध्ये चिकन लागलं होतं, हे वाक्य चिकनबद्दल नव्हतं. शाकाहार ही आवड असते तोवर तिचा आदर करू. ती सोवळं झाली की तिला सोवळंच म्हणू. आयआयटी मुंबईत २०२३ साली वसतिगृहाच्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबलं राखली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. तिथे प्रश्न चिमट्याचा नव्हता, शेजारी कोण बसतो याचा होता.

आणि बुफेवरचा तो ‘एशिया’ कोणता? चीन, व्हिएतनाम, कोरिया, थायलंड या सगळ्यांच्या झेंड्यांची तोरणं लावलेली. या देशांच्या स्वयंपाकातून डुकराचं मांस आणि बीफ काढलं तर मागे किती उरतं? इथे दोन्ही नव्हतं. बैलाच्या मांसाचं समजू शकतो, २०१५ पासून राज्यात कायदाच आहे. पण डुकरावर तर बंदी नाही. आशियासुद्धा आधी सोवळ्यात धुऊन घेतला होता. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या लोकांचं खाणं नोंदवून ठेवलं आहे. त्यातली वजडी, रक्ती, चान्या यांना कधी कुठल्या बुफेत काउंटर मिळेल का, यावर आमच्या टेबलवर बराच वेळ चर्चा झाली. नर्स म्हणाली, ‘नकोच. त्याला पण रोस्टेड काहीतरी नाव देतील.’

त्या रात्री सगळ्यात जास्त काय संपलं असेल तर हक्का नूडल्स आणि मंचुरियन. या दोन पदार्थांवर थोडं थांबायला हवं, कारण आमच्यातल्या कुणालाही ही गोष्ट माहीत नव्हती. ‘हक्का’ हा नूडल्सचा प्रकार नव्हे, ते माणसांच्या एका समूहाचं नाव आहे. दक्षिण चीनमधून हे लोक कोलकात्यात आले आणि त्यातले बरेच जण टांगरा भागात कातडी कमावण्याच्या धंद्यात शिरले. तो धंदा त्यांना मोकळा का मिळाला? कारण सवर्ण हिंदूंना चामड्याचा विटाळ होतो. ज्या कामाने आपल्या चर्मकार बांधवांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्याच कामाच्या पोकळीत हे परदेशी लोक उभे राहिले. त्यांच्या टॅनरीत काम करणारे मजूर होते बिहारचे चर्मकार. म्हणजे मालक बदलला, देश बदलला, पण चुन्याच्या हौदात उतरणारे पाय तेच राहिले. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत कोंडलं गेलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे कोलकात्याच्या टॅनरी शहराबाहेर हलवायला सांगितल्या आणि टांगरातल्या चामड्याच्या गोदामांची हळूहळू हॉटेलं झाली. चिकन मंचुरियनही कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी सत्तरच्या दशकात मुंबईत तयार केलं असं सांगतात. मंचुरियात ते कुणी खात नाही. आपल्या गल्लीतल्या चायनीजच्या गाडीवरचा तो लाल रस्सा चीनमधून आलेला नाही. तो ज्यांच्या हातचा आहे, त्यांना या देशात आधी चामड्याचंच काम मोकळं सापडलं होतं.

ही माणसं आजही त्या काउंटरमागे उभी आहेत, फक्त चेहरे बदललेत. आम्हाला वाढणारा वेटर दार्जिलिंगचा होता. पलीकडच्या टेबलवरून त्याला ‘ए चायनीज’ अशी हाक आली. तो हसला. आमच्याजवळ आल्यावर हळूच म्हणाला, ‘मैं इंडिया का ही हूँ, भैया.’ कुणी विचारलं नसताना. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांच्या भीतीने ईशान्येकडची पोरं बंगळुरू आणि पुणे सोडून रेल्वे भरभरून पळाली होती. ती आठवण आमच्या शहरातल्या फार थोड्या लोकांना राहिली आहे, त्या पोरांना मात्र असणार. आपण ‘जातीवरून हाक मारली’ म्हणून पोलीस ठाण्यात जाणारे लोक. ‘चिंकी’ शब्द आपल्या पोरांच्या तोंडी आला तर त्यांना तिथेच थांबवायला हवं.

वरच्या चिमट्याच्या प्रकरणात ओरडा कुणी खाल्ला? आम्ही नाही, त्यानेच. मॅनेजरने त्याला कोपऱ्यात नेऊन झापलं. आम्ही मध्ये पडून चूक आमची आहे म्हणालो, तर मॅनेजर उलट आम्हालाच सॉरी म्हणाला. गिऱ्हाईक चुकत नसतं. नऊ हजारांत आम्हाला हेही मिळालं होतं, आमच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आमच्याच विरुद्ध जाते.

दाराशी पाण्याच्या पसरट भांड्यात बुद्धांचं नुसतं डोकं ठेवलेलं होतं, धडाशिवाय. भोवती गुलाबाच्या पाकळ्या, हातभर अंतरावर बार. गल्ल्यावर ढेरपोट्या ‘लाफिंग बुद्धा’. (तो गौतम बुद्ध नव्हेच, दहाव्या शतकातला बुदाई नावाचा चिनी भिक्खू. पण गिऱ्हाइकांना कोण सांगणार.) पोरं चिडली. आम्ही मॅनेजरला बोलावलं. तो म्हणाला, ‘मॅडम, एशियन थीम है.’ आम्ही त्याला शांतपणे सांगितलं की जगातले कोट्यवधी लोक ज्यांना शास्ता मानतात त्यांचं डोकं कापून दारूशेजारी शोभेला ठेवणं ही थीम नाही. पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी त्याने ते भांडं आतल्या ऑफिसात हलवलं आणि आम्ही लेखी निवेदन दिलं. जिंकल्यासारखं वाटलं. फोटोतले आमचे चेहरे जे हसरे दिसतात, ते त्यामुळे.

फोटो काढून आम्ही हात धुवायला मागच्या बाजूला गेलो. तिथे सरकत्या दाराआड भांडी घासायची मोरी. वाफ, साबण, घोट्यापर्यंत पाणी. आत एकाचा फोन वाजला आणि त्यावर भीमगीत होतं. आम्ही थबकलो. त्याने रबरी हातमोज्यानिशी आमच्याकडे बघितलं, आमच्यातल्या एकाच्या गळ्यातलं लॉकेट बघितलं आणि म्हणाला, ‘ताई, जयभीम.’ लातूरकडचा. वय बावीस-तेवीस. सकाळी अकरा ते रात्री बारा. आम्ही विचारलं, जेवलास का? म्हणाला, ‘स्टाफचं जेवण चारला होतं. वरण-भात.’ आणि हे बाहेरचं? ‘याला हात लावायचा नाही. रात्री उरलं की काळ्या पिशवीत भरून टाकून देतो आम्हीच.’ तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. मागून कुणीतरी हाक मारली, तो आत गेला.

‘अनलिमिटेड’ जेवणाच्या जागी तेरा तास उभा राहणारा माणूस वरण-भात खातो आणि उरलेलं अन्न स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकतो. उष्टं त्याला द्यावं असं आम्ही अजिबात म्हणत नाही, उष्ट्याचा इतिहास आम्ही वर लिहिला आहे. त्याला ताजं, ताटात वाढून, बसून जेवता आलं पाहिजे, जे गिऱ्हाइकासाठी शिजतं तेच. आणि त्याहून आधी त्याचे तास. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची सुट्टी आहे, जादा तासांना दुप्पट मजुरी आहे. मूर्तीसाठी आम्ही मॅनेजरला बोलावलं, पंधरा मिनिटं भांडलो, निवेदन दिलं. या भावासाठी बोलावलं नाही. बिल भरलं आणि निघालो.

हा सगळा मजकूर आम्ही काकांना पाठवला, लेख टाकण्याआधी. त्यांचा बराच वेळ काही मेसेज नव्हता. रात्री अकराला आला. मुलीला लिहिलं होतं, ‘बेटा, माझं चुकलं. अभिनंदन.’ आणि खाली आम्हाला, ‘त्या पोराचा नंबर घेतला का?’

घेतला नव्हता. येत्या बुधवारी दुपारी चारला, स्टाफच्या जेवणाच्या वेळेला, आमच्यातले दोघं आणि काका मागच्या गेटवर जाणार आहेत. हजेरीपटावर नाव आहे का, पीएफ कापतात का, सुट्टी कधी मिळते, एवढंच विचारायचं आहे. दार्जिलिंगच्या पोरालाही विचारू. नर्सची त्या दिवशी नाइट ड्यूटी आहे, पण चारला ती मोकळी असते. तीही येते म्हणाली.